दुर्लक्षित अल्बम कोणते, आणि ऐकायचे तर नेमकी कोणती आवृत्ती? (नागपूरचा उन्हाळा आणि कूलर धरून सांगा)

खामलेकर

नमस्कार मंडळी. रॉकमधले गाजलेले अल्बम ऐकून झालेत. पिंक फ्लॉइडचे 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'द वॉल', लेड झेपलिनचा चौथा, बीटल्सचे शेवटचे चार-पाच. आता त्याच बँडचे किंवा त्या काळातल्या इतर बँडचे असे अल्बम हवेत, जे तितक्याच ताकदीचे आहेत पण कुणाच्या यादीत येत नाहीत. भारतीय बँड तर हवेतच.

नुसती नावं नकोत. अल्बम मागे का पडला, त्यात नेमकं काय ऐकायचं, आणि स्ट्रीमिंगवर एकाच अल्बमच्या मूळ, रिमास्टर, रिमिक्स अशा तीन-तीन आवृत्त्या दिसतात त्यातली कोणती लावायची, हे सांगा.

खोली १२ बाय १४, पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, साधा स्टीरिओ ॲम्प्लिफायर, बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, त्यावर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). घर वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत खिडकीत कूलर चालूच. जुन्या रेकॉर्डी विकत घ्यायचा विचार आहे, त्यांची उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची तेही सांगा.

रेघोटी

खामलेकर भाऊ, आवृत्तीचं विचारलं ते फार बरं केलं. अल्बम मागे पडतो तो पुष्कळदा संगीतामुळे नाहीच. कधी तो चुकीच्या आठवड्यात बाजारात येतो, कधी कंपनी दुकानापर्यंत माल पोचवत नाही, कधी मास्टरिंग (विक्रीआधी आवाजावर शेवटचा हात फिरवणं) करणारा त्याचा गळा आवळतो. कारण कळलं की कोणती प्रत ऐकायची तेही कळतं.

फ्लॉइडपासून सुरुवात करू. 'ॲनिमल्स' (१९७७) माझ्या मते त्यांचा सगळ्यात धारदार अल्बम. गाणी पाचच. पहिलं आणि शेवटचं म्हणजे दीड-दीड मिनिटाचे एकाच गाण्याचे दोन तुकडे. मधली तीन, 'डॉग्ज', 'पिग्ज' आणि 'शीप', मिळून जवळपास ३९ मिनिटं. रेडिओवर लावता येईल असं एकही गाणं नाही, तिथेच अर्धा खेळ हरला. 'डॉग्ज' १७ मिनिटांचं आहे, ते तोडून ऐकू नका. साधारण मध्यावर 'स्टोन' हा एकच शब्द प्रतिध्वनीत फिरत राहतो, त्याच्यावर सिंथेसायझर चढत जातो, आणि हळूहळू शब्दातला अर्थ गळून नुसता सूर उरतो. ती जागा मोठ्याने ऐका.

आवृत्ती: जेम्स गथ्री यांनी २०१८ साली याचं नवं मिक्स (वाद्यांच्या पातळ्या नव्याने जुळवणं) केलं, ते बाजारात आलं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. जुन्या मिक्समध्ये ड्रम मागे आणि कोरडे वाटतात. नव्यात बेस आणि ड्रम सुटे होतात. पाच इंची वूफरवर हा फरक लगेच कळतो, म्हणून तुमच्यासाठी नवं मिक्स.

दुसरा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' (१९७२). 'ला व्हॅली' या फ्रेंच सिनेमासाठी केलेलं संगीत, पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल स्टुडिओत जेमतेम दोन आठवड्यांत उरकलेलं. त्या वेळी 'डार्क साइड' ते स्टेजवर वाजवत होतेच, फक्त रेकॉर्ड व्हायचा होता. म्हणून लोक याला दोन मोठ्या कामांमधलं फुटकळ काम समजतात. ऐकून पाहा. गाणी आटोपशीर, गिटार मोकळं, कुठेही उगाच लांबण नाही. 'चाइल्डहूड्स एंड'चे शब्द गिटारवादक गिल्मूरचे, आणि त्यानंतर त्याने फ्लॉइडसाठी शब्द लिहिले ते थेट १९८७ च्या अल्बमला. 'फ्री फोर'ची चाल टाळ्या वाजवाव्या अशी, पण त्यात बेसवादक वॉटर्सने युद्धात गेलेल्या वडिलांचा उल्लेख केलाय. 'द वॉल'चं बी इथे आहे. पहिले दोन तुकडे नुसते वाद्यांचे आहेत, त्यावरून अल्बम तोलू नका.

झेपलिनचा 'प्रेझेन्स' (१९७६). ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर गायक प्लांटच्या गाडीला अपघात झाला, त्यामुळे हा अल्बम त्याने चाकाच्या खुर्चीत बसून गायलाय. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत १८ दिवसांत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग दोन्ही, कारण पुढची तारीख रोलिंग स्टोन्सने घेतलेली होती. कीबोर्ड अजिबात नाही, अकूस्टिक गिटार एका गाण्यात मागे तालापुरतं. ज्यांना चौथ्या अल्बमची बासरी आणि मँडोलिन आवडते त्यांना हा रुक्ष वाटतो. पण 'अकिलीज लास्ट स्टँड'ची दहा मिनिटं ऐका: जॉन पॉल जोन्सचा आठ तारांचा बेस घोड्यासारखा धावतो आणि पेजने गिटारचे थर एकावर एक चढवलेत. दर वेळी एकच थर धरून ऐकलं तर त्याचं डोकं कळतं.

आणि किंग क्रिमसनचा 'रेड' (१९७४). हा बाजारात यायच्या आधीच बँडचा म्होरक्या फ्रिपने बँड मोडला होता. दौरा नाही, जाहिरात नाही, मग विकणार कोण? शेवटचं 'स्टारलेस' बारा मिनिटांचं. पहिल्या चार मिनिटांत मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) आणि गाणं. मग बेस १३ मात्रांचं आवर्तन धरतो आणि गिटार एकच सूर ठोकत राहतं, तो सूर फार सावकाश वर सरकतो. ताल मोजायची सवय असेल तर तेरा मोजत बसा. समेवर यायला किती वेळ लागतो ते अंगावर येतं. मग सॅक्सोफोन फुटतो आणि शेवटी सुरुवातीची चाल परत येते. वेटनचा बेस मुद्दाम फाटका ठेवलाय, तो तुमच्या स्पीकरचा दोष समजू नका.

महालातला_टेपवाला

काहून भाऊ, नवीन माणसाला झेपलिनमधून थेट 'प्रेझेन्स' देऊन राहिले? पहिले 'लेड झेपलिन थ्री' (१९७०) द्या न. दुसरी बाजू जवळपास सगळी अकूस्टिक आहे, त्या काळच्या समीक्षकांना तेच खटकलं. चौथ्या अल्बमवरून आलेल्या माणसाला तिथे पाय ठेवायला जागा आहे. 'प्रेझेन्स' त्याच्या नंतर.

बाकी 'ॲनिमल्स'बद्दल सोळा आणे सहमत. एकच जोडतो: १९७७ च्या एट-ट्रॅक कार्ट्रिजवर (म्हणजे तेव्हाची डबीतली टेप) पहिला आणि शेवटचा तुकडा जोडायला स्नोई व्हाइटचं गिटार वाजलंय. ते नेहमीच्या रेकॉर्डवर नाही. 'पूर्ण आवृत्ती' म्हणून कुणी ऐकवलं तर ती भानगड काय आहे ते माहीत असावं.

पट्टी_पांढरी_दोन

आवृत्तींचं सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेक जण फसतात.

रिमास्टर म्हणजे तयार मिक्सवर पुन्हा पॉलिश. रिमिक्स म्हणजे मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं सुटी सुटी असलेली टेप) उघडून प्रत्येक वाद्याची पातळी नव्याने ठरवणं. दोन्ही शब्द कव्हरवर सारख्याच आकारात छापतात, पण फरक जमीन-अस्मानाचा. १९९५ ते २०१० या काळातल्या रिमास्टरपासून जरा जपून, तेव्हा सगळं मोठ्या आवाजात दाबून बसवायची चढाओढ होती. पुष्कळ वेळा ऐंशीच्या दशकातली साधी सीडी जास्त मोकळी वाजते.

या चढाओढीत सगळ्यात वाईट मार खाल्लेला चांगला अल्बम म्हणजे रश या बँडचा 'व्हेपर ट्रेल्स' (२००२). ड्रमर नील पर्टची मुलगी आणि पत्नी वर्षभराच्या आत गेल्या. त्यानंतर बऱ्याच काळाने तो परतला आणि बँडने हा केला. पहिल्या गाण्यात सुरुवातीलाच त्याचे दोन्ही पाय बास ड्रमवर तुटून पडतात. पण मूळ सीडी इतकी दाबलेली की झांजा चुरगळलेल्या कागदासारख्या वाजतात आणि अर्ध्या तासात कान थकतो. लोकांना वाटलं गाणीच गोंगाटी आहेत. २०१३ साली डेव्हिड बॉट्रिल यांनी पूर्ण रिमिक्स केला, नावापुढे 'रीमिक्स्ड' असं आहे. तोच ऐका, जुना शोधूच नका.

घरी दोन आवृत्ती ताडून पाहायच्या तर असं करा. स्ट्रीमिंग ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या आवाजात आणायची सोय) दोन्ही वेळा एकाच स्थितीत ठेवा. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या, फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा, दोन्ही आवृत्तींचा तोच ३० सेकंदांचा भाग लावा आणि सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत येईपर्यंत ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवा. हे केलं नाही तर जी आवृत्ती मोठी तीच चांगली वाटणार, कानाचा धर्मच तो. पातळी जुळल्यावर फक्त ढोलाचा आघात ऐका. मोकळ्या मास्टरिंगमध्ये काडीचा ठोका बाकीच्या वाद्यांच्या पुढे उडी घेतो. दाबलेल्यात तो भिंतीत चिणलेला असतो. नॉर्मलायझेशनने दाबलेली आवृत्ती हळू होते, पण गेलेली उडी परत येत नाही.

सीडीच्या फाइल असतील तर फूबार२००० मध्ये डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) मोजायचं साधन जोडता येतं. आकडा ५-६ आला तर दाबलेलं, १२ च्या वर तर मोकळं. हा आकडा रेकॉर्डवरून उतरवलेल्या फाइलला लावू नका. मास्टर तोच असला तरी तिथे आकडा दोन-तीनने फुगून येतो.

कधी गडबड याहून साधी असते. जॅझमधल्या मायल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या (१९५९) पहिल्या बाजूच्या रेकॉर्डिंगला मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं, त्यामुळे ती बाजू वाजताना चढी वाजायची. नव्वदच्या दशकातल्या सीडींपासून ते दुरुस्त झालं. तुमची प्रत तपासायची असेल तर तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन लावा आणि 'सो व्हॉट' सुरू करा. बेस तानपुऱ्यात मिसळला तर प्रत दुरुस्त, खटकत राहिला तर जुनी.

एक्सटीसी या बँडचा 'स्कायलार्किंग' (१९८६) तर पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी होऊन बाजारात गेला, आवाज पातळ आणि बेस नसल्यासारखा. दोन दशकांनी मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंट यांच्या लक्षात आलं, आणि २०१० पासून दुरुस्त आवृत्ती मिळते. निर्माता टॉड रंडग्रेन, गाण्यामागून गाणं न थांबता सरकत जातं, उन्हाळ्याच्या एका दिवसापासून मृत्यूपर्यंत. बीटल्स आवडणाऱ्याने हा चुकवू नये.

तुमच्याकडेही बेस पातळ वाटत असेल तर आधी स्पीकरच्या वायरी बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर बेस गायब होतो आणि मधला आवाज सगळीकडे पसरतो. मोनो गाणं (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) लावा. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा दिसला नाही, तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोन्हींच्या करू नका.

रेघोटी

मोनोचा विषय निघालाच आहे तर झॉम्बीजचा 'ओडेसी अँड ओरॅकल' (१९६८). रेकॉर्डिंग बहुतेक ॲबी रोडला, बीटल्सचं काम नुकतंच संपलं होतं आणि लेननचा मेलोट्रॉन तिथेच पडून होता, तो यांनी वापरला. पैसे मोजके, त्यात मोनो मिक्स झालं. मग कंपनीने स्टीरिओ मागितलं तेव्हा बँडमधल्या आर्जंट आणि व्हाइट यांनी पदरचे २०० पौंड घातले. 'धिस विल बी अवर इयर'मधली ब्रास वाद्यं थेट मोनो मिक्सच्या वेळी वाजवलेली, मल्टिट्रॅकवर नव्हतीच, म्हणून जुन्या स्टीरिओ प्रतींत ते एक गाणं बनावट स्टीरिओ आहे. मोनो आवृत्ती घ्या. अल्बम आला तोवर बँड फुटला होता, आणि 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत गाजलं ते १९६९ साली.

किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' २२ नोव्हेंबर १९६८ ला आला. त्याच दिवशी बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा दुहेरी अल्बम. पुढचं सांगायला नको. १५ गाण्यांची आवृत्ती ऐका. १२ गाण्यांची आधी तयार झालेली, पण बँडच्या रे डेव्हिसने ब्रिटनमध्ये ती थांबवली आणि ती स्वीडन वगैरे मोजक्या देशांत गेली.

बिग स्टारचा 'नंबर वन रेकॉर्ड' (१९७२) हा वितरणाचा बळी. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण स्टॅक्स कंपनीला तो दुकानात पोचवता आला नाही. 'थर्टीन' हे अडीच मिनिटांचं गाणं, दोन गिटार आणि गळे, बस्स.

धरमपेठ_डेक

उन्हाळ्याचं मी सांगतो, ताईदादांनो. त्यात चुकलं तर वरची सगळी यादी वाया.

रेकॉर्ड पीव्हीसीची असते. साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) रेकॉर्ड घेतली आणि गाडीत ठेवून जेवायला गेलं, तर परत येईपर्यंत तिची वाटी झालेली असू शकते. एकदा वाकलेली घरी नीट सपाट होत नाही. घरात ४२-४३ अंशांना उभी रेकॉर्ड टिकते. अडचण उष्णता अधिक दाब याची आहे: आडवा गठ्ठा, किंवा तिरकी टेकवलेली. म्हणून सरळ उभ्या ठेवा, कलंडणार नाहीत इतक्या जवळ पण बोटाने सहज निघतील इतक्या सैल. पश्चिमेच्या भिंतीला किंवा स्लॅबजवळच्या माळ्यावर नकोत. आतली भिंत आणि खालचा कप्पा बघा. लोखंडी कपाट तापतं, लाकडी बरं. फूटभर रुंद कप्प्यात ७०-८० रेकॉर्डी बसतात आणि त्यांचं वजन पंधरा किलोच्या वर जातं, म्हणून फळी पाऊण इंचाची घ्या. नव्या रेकॉर्डीवरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाका. उन्हाळ्यात ते आवळतं आणि आतली रेकॉर्ड वाकवतं.

कूलर. तीन गोष्टी.

हवेबरोबर पाण्याचे बारीक कण येतात. टर्नटेबल झोतात असेल तर ते खाचेत वाळतात आणि पाण्यातले क्षार तिथेच राहतात, मग टकटक कायमची. टर्नटेबल झोताच्या बाजूला ठेवा, समोर नको.

कूलरचं स्टँड आणि खिडकीची चौकट थरथरते. त्याच भिंतीतल्या फळीवर टर्नटेबल असेल तर ती थरथर सुईत जाते आणि वूफर आवाज नसतानाही आत-बाहेर हलताना दिसतो. वेगळ्या भिंतीला, जमिनीवरच्या जड टेबलावर ठेवा.

तिसरं, पंख्याची घरघर हळू संगीत गिळते. म्हणून उन्हाळ्यात 'रेड', 'प्रेझेन्स', 'व्हेपर ट्रेल्स' असे भरगच्च अल्बम लावा. टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) डिसेंबरसाठी राखा. वर कुणी त्याचं नाव घेतलं नाही, पण माझ्या लेखी ऐंशीच्या दशकातला तो सर्वांत मोठा दुर्लक्षित अल्बम. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ अंधार करून वादकांकडून तासन् तास मनाला येईल ते वाजवून घेतलं आणि त्यातले तुकडे निवडून गाणी उभी केली. कंपनीला नाचायची गाणी हवी होती, हातात हे आलं. सुरुवातीला ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं इतक्या हळू येतात की कूलर चालू असेल तर पहिली दोन मिनिटं ऐकूच येणार नाहीत. तुम्ही आवाज वाढवाल आणि 'डिझायर'मध्ये ड्रम अंगावर कोसळतील. अगदीच मे मध्ये ऐकायचा असेल तर कूलर अर्धा तास आधी चालवा, खोली गार करा, बंद करा आणि एक बाजू ऐका. एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, तेवढा वेळ खोली धरते. पलटताना पुन्हा लावा.

जुनी रेकॉर्ड घेताना: आपल्याकडच्या बहुतेक जुन्या प्रती कोलकात्याच्या दमदममध्ये, ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात छापलेल्या. छपाई वाईट नाही, पण जड सिरॅमिक कार्ट्रिजवर घासलेल्या असतात. टॉर्च तिरका धरा. खाच काळी चकचकीत हवी, राखाडी दिसली तर आवाज फाटणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर खूप रेघा असतील तर ती पुष्कळ वाजलीय. बारीक पांढरे ठिपके म्हणजे पावसाळ्यातली बुरशी, ती धुऊन जाते.

धुवायला: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. नळाचं पाणी नको. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा, ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली सावलीत वाळवा. आतली कागदी पिशवी नवी घाला, जुनीत बुरशी राहते आणि महिन्यात परत येते. ७८ च्या वेगाच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

व्हीएम९५ईच्या सुईवर दोन ग्रॅम वजन ठेवा, मर्यादा १.८ ते २.२. डिजिटल काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तोडते. लंबगोल टोकाची सुई अंदाजे ३०० तासांनी बदला.

वैनगंगा

भारतीय बँडचं राहिलंच आहे.

शक्तीचा 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'. १९७६ साली लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटम् विनायकराम. पहिला अल्बम प्रत्यक्ष मैफिलीतला, म्हणून त्याचं नाव होतं. पण वाद्यांचा पोत ऐकायचा तर हा दुसरा. मॅकलॉफलिनचं अकूस्टिक गिटार खास बनवून घेतलेलं: फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार दाबून मींड काढता येते, आणि भोकावरून तिरक्या सात तरफेच्या तारा. 'इंडिया'मध्ये त्या तारा नुसत्या छेडलेल्या ऐकू येतात. जॅझवाल्यांना हे फार भारतीय वाटलं आणि शास्त्रीयवाल्यांना फार परदेशी. विद्युत गिटारवाला मॅकलॉफलिन हवा असलेल्या श्रोत्यांनीही पाठ फिरवली. डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये घटम् आणि तबला वेगळे ओळखता आले तर तुमची स्पीकरची मांडणी बरोबर आहे असं समजा.

इंडियन ओशन म्हटलं की सगळे 'कंदिसा' (२०००) सांगतात, आणि 'मा रेवा' नर्मदेची असल्यामुळे आपल्याकडे ती जास्तच जवळची. ती ऐकाच. पण मागे पडला तो '१६/३३० खजूर रोड' (२०१०). दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. दर महिन्याला एक गाणं फुकट डाउनलोडला दिलं, त्यामुळे दुकानात 'नवीन अल्बम आला' असा क्षणच आला नाही. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. तबला वाजवता वाजवता गाणारा तो आवाज शेवटचा इथे आहे. एकेक गाणं सुटं न ऐकता क्रमाने लावा.

कोचीच्या मदरजेनचा 'मक्तूब' (२००८) धरमपेठ_डेक यांच्या उन्हाळी यादीत बसतो. बैजू धर्मजन कर्नाटक संगीतातल्या गमकांसारखे सूर विद्युत गिटारवर ओढतात. 'चेझिंग द सन'पासून सुरू करा. मुंबईचे इंडस क्रीड, म्हणजे आधीचे रॉक मशीन, यांचा १९९५ चा अल्बम लोकांना माहीत आहे, सतरा वर्षांनी आलेला 'इव्हॉल्व्ह' (२०१२) नाही, आणि वादनात तो जास्त पक्का आहे.

कोलकात्याच्या मोहीनेर घोडागुलींचा १९७७ चा पहिला अल्बमही शोधा. हिंदी सिनेमातलं 'भीगी भीगी' ज्या बंगाली गाण्यावरून आलं ते याच मंडळींचं. त्या काळी बंगालीत असं कुणी वाजवत नव्हतं, आणि त्या काळी कुणी घेतलंही नाही.

खामलेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी भिंतीवर लावतोय. एक शंका: रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात 'स'कार फाटतो. वजन दोन ग्रॅमच आहे, सुई नवी. रेकॉर्ड घासलेली की मांडणी चुकलेली?

धरमपेठ_डेक

आधी मांडणी बघा. ३३ च्या वेगाला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून कार्ट्रिज जराशी तिरकी असली तरी पहिला फटका तिथेच बसतो.

प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज सरळ बसवायचा खुणांचा कागद) छापून घ्या, पण छापताना 'मूळ आकार' निवडा आणि पट्टीने मोजून खात्री करा. दोन्ही खुणांवर सुई टेकवा. कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर हव्यात. स्क्रू अर्धा आटा सैल करून सरकवा, पुन्हा वजन तपासा, कारण कार्ट्रिज सरकली की वजन बदलतं. अँटीस्केटिंग (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी सोय) दोनवर ठेवा.

मग नवीकोरी रेकॉर्ड लावून तिचं शेवटचं गाणं ऐका. तिथे 'स' स्वच्छ आला तर तुमची जुनी प्रत घासलेली आहे. फक्त उजव्या बाजूला फाटत असेल तर अँटीस्केटिंग पाव-पाव आकड्याने वाढवा, डाव्या बाजूला असेल तर कमी करा.